साठीच्या अलीकडचा स्मृतिभ्रंश आणि घरातली सोबत

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. नवखा माणूस तिथं दोनदा तरी चुकतो. पण ज्याची उभी हयात त्या गोलात दुकान उघडण्यात गेली, असा बावन्न वर्षांचा व्यापारी एका संध्याकाळी शटर ओढतो आणि आपल्या घराकडचा रस्ता यातला कोणता, हेच त्याला कळेनासं होतं, असं समजा. घरचे काय म्हणतील? धंद्याचं टेन्शन. महिन्याभरानं हिशेब चुकायला लागले की म्हणतील, पितोय की काय. पुढं तो कारणाशिवाय चिडू लागला की कुणीतरी हळूच सुचवेल, बाहेरचं काही आहे का बघा. स्मृतिभ्रंश हा शब्द मात्र कुणाच्या तोंडी येणार नाही. तो आजार आजोबांचा, हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

खरं तर या आजाराची वैद्यकीय नोंद सुरू झाली ती एका तरुण म्हणावी अशा बाईपासून. ऑगस्ट डेटर ही जर्मनीतल्या फ्रँकफर्टची गृहिणी. नवरा रेल्वेत नोकरीला. तिला नवऱ्याचा विनाकारण संशय यायला लागला, मग स्वयंपाक चुकायला लागला, घरातल्या घरात ती हरवू लागली. नवऱ्यानं घरी जमेल तितकं सांभाळलं आणि नोव्हेंबर १९०१ मध्ये तिला मनोरुग्णालयात दाखल केलं. तेव्हा तिचं वय होतं ५१. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती गेली. त्याच वर्षी अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतले बदल डॉक्टरांच्या सभेत मांडले आणि १९१०च्या पाठ्यपुस्तकात एमिल क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. पुढची साठ-पासष्ट वर्षं हे नाव साठ-पासष्टीच्या आतल्या रुग्णांसाठीच वापरलं जाई. म्हाताऱ्यांचं विसरणं वेगळं, ते वयोमानाचं, अशी समजूत होती. १९७६ मध्ये अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही एकच असल्याचं ठासून मांडलं, तेव्हा कुठं चित्र बदललं. आणि इतकं बदललं, की ज्यांच्यामुळे आजार ओळखला गेला, ती पन्नाशीतली माणसंच विस्मरणात गेली.

ही माणसं किती असतील? ६५ वर्षांच्या आत सुरू होणाऱ्या स्मृतिभ्रंशाला तरुण वयातला स्मृतिभ्रंश म्हणतात. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ३० ते ६४ या वयातल्या दर लाख लोकांमागे असे ११९ जण, जगात सुमारे ३९ लाख. २०११च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार होती. यातले एक तृतीयांशाहून थोडे जास्त लोक या वयोगटातले धरले, तरी वीस लाख होतात. म्हणजे दोन जिल्ह्यांत मिळून चोवीसशेच्या आसपास माणसं. हिशेब ढोबळ आहे, पण 'आपल्याकडे असं नसतं' म्हणणाऱ्यांना थांबवायला पुरेसा आहे.

यातल्या सगळ्यांचा आजार अल्झायमरच नसतो. पन्नाशीच्या आसपास मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजणारा एक प्रकार आढळतो. त्यात सुरुवातीला स्मरणशक्ती ठीक असते, बिघडतं ते वागणं. शब्दाला जागणारा माणूस चारचौघांत वाटेल ते बोलतो, गोड खायचा सोस लागतो, पैसे उधळतो, घरातल्या कुणाच्या रडण्याचं त्याला काही वाटत नाही. बायकोला वाटतं, याचं मन दुसरीकडे गेलं. काहींना दिसतं नीट, पण समोरची वस्तू किती लांब आहे, पायरी कुठं आहे, हे मेंदूला उमगत नाही. पुन:पुन्हा होणारे छोटे पक्षाघात, दारू, डोक्याचा मार ही कारणं आहेतच. आणि काही कारणं बरी होण्यासारखी असतात: थायरॉइड, मेंदूत साचलेलं पाणी किंवा रक्त, काही संसर्ग आणि बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं हा अभाव आपल्याकडे किती पसरलेला आहे, हे अनेक वर्षांच्या कामातून दाखवलं आहे. माळकरी, शाकाहारी घरांत तर ही तपासणी आधी व्हायला हवी. म्हणून पन्नाशीतला माणूस विसरू लागला, तर 'वय झालं' आणि 'डोकं फिरलं' ही दोन्ही वाक्यं बाजूला ठेवून रक्ततपासणी आणि मेंदूचा स्कॅन करून घ्यावा. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे सुरुवात करता येते.

निदानाला वेळ लागतो. नेदरलँड्ससारख्या देशातही तरुण रुग्णांचं निदान व्हायला लक्षणं दिसल्यापासून सरासरी ४.४ वर्षं लागल्याचं एका अभ्यासात दिसलं. वृद्धांच्या बाबतीत हाच काळ २.८ वर्षं होता. या चार वर्षांत घराचं जे नुकसान होतं, ते आजारानं होतं तितकंच गैरसमजानंही होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक हजेरी भरायला विसरतो, त्याला नोटीस येते, तो कंटाळून राजीनामा लिहून देतो. तो राजीनामा द्यायचा नसतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी किंवा अनुदानित संस्थेला काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून निवृत्तीपर्यंत ठेवायचं. हे कलम घरच्यांना माहीत नसलं, की पंधरा वर्षांचा पगार एका सहीनं जातो.

दुसरी अडचण वयाची. सरकारी मदतीचं दार बहुधा साठीनंतर उघडतं. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन साठीच्या पुढच्यांसाठी, श्रावणबाळ योजना पासष्टीनंतर, एसटीचं ज्येष्ठांचं अर्धं तिकीट पासष्टीनंतर. बावन्न वर्षांचा रुग्ण यात कुठंच बसत नाही. त्याच्यासाठी वाट आहे ती दिव्यांग प्रमाणपत्राची. स्मृतिभ्रंश मानसिक आजाराच्या अपंगत्वात मोजता येतो आणि त्याची टक्केवारी ठरवायची पद्धतही ठरलेली आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व नोंदलं गेलं की पुढचे लाभ मागता येतात. पासष्टीच्या आतल्या गरीब रुग्णासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ८० डीडीबीच्या, म्हणजे उपचारांच्या खर्चावर सवलत देणाऱ्या कलमाच्या, आजारांच्या यादीत तर स्मृतिभ्रंशाचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. फक्त हे कुणी आपणहून सांगायला येत नाही.

कागदपत्रांची आणखी एक गोष्ट वेळेवर सांगायला हवी. रुग्णाला समजतं आहे तोवरच मृत्युपत्र, बँकेतलं नामनिर्देशन, जमिनीचे व्यवहार उरकून घ्यावेत. अनेक घरं मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. पण १८७२च्या करार कायद्याप्रमाणे, ते देणारा भानावर राहिला नाही की मुखत्यारपत्र संपतं. मग पालक नेमून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते आणि नांदेड-लातूरच्या माणसाला त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जावं लागू शकतं. उपचारांच्या निर्णयापुरतं काम सोपं आहे: २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्ण साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो.

आता घराकडे वळू, कारण हा आजार मुख्यतः घरातच जगला जातो. सत्तरीतल्या रुग्णाच्या घरात मुलं मोठी झालेली असतात, सुना-नातवंडं असतात. पन्नाशीतल्या रुग्णाच्या घरात मुलगी बारावीला असते, घराचं कर्ज चालू असतं आणि जोडीदाराला नोकरी सोडून भागत नाही. वर रुग्ण धडधाकट. तो पाच मैल चालतो, कडी काढतो, मोटारसायकल सुरू करतो. अंथरुणाला खिळलेल्या आजीला सांभाळायची सवय असलेली मावशी इथं दोन दिवसांत म्हणते, मला हे झेपत नाही. तिचं चूक नसतं. तिला कुणी कामच वेगळं आहे, हे सांगितलेलं नसतं.

हे काम काय असतं, याचं जुनं उदाहरण हॉलिवूडचं आहे, पण त्याची एक गाठ महाराष्ट्राशी जुळते. रीटा हेवर्थ ही १९४०च्या दशकातली मोठी अभिनेत्री. पन्नाशीच्या सुरुवातीलाच तिला संवाद पाठ होईनात. १९७२ चा तिचा शेवटचा चित्रपट एकेक ओळ सांगून पुरा करावा लागला. लोक म्हणायचे, दारूमुळे. अल्झायमरचं निदान झालं ते १९८० मध्ये. पुढच्या वर्षी कोर्टानं तिची जबाबदारी मुलगी यास्मिन आगा खान हिच्याकडे सोपवली. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणाऱ्या तिसऱ्या आगाखानांची ही नात. तिनं आईला न्यूयॉर्कमध्ये आपल्या शेजारच्या घरात ठेवलं आणि १९८७ मध्ये आई जाईपर्यंत सोबतीला माणसं ठेवून घरीच सांभाळलं. पैसा होता म्हणून ते जमलं, हे खरं. पण त्यातली मुख्य गोष्ट पैशाची नव्हती. आई तिच्या घरात राहिली आणि लेक भिंतीपलीकडे, आपल्या घरात राहिली. सांभाळणारी मुलगी चोवीस तासांची नर्स झाली नाही.

नांदेड-लातूरच्या घरात चोवीस तास राहणारं माणूस ठेवायचं, तर त्याला आया किंवा वॉर्डबॉय समजू नये. तो सोबती असतो. दिवसभर रुग्णाच्या हाताला काम देणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग. शेंगा फोडणं, तुरी निवडणं, मेथीची जुडी साफ करणं, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी. शिक्षक असेल तर जुन्या वह्या आणि लाल पेन. शिंप्याला कापडाच्या चिंध्या आणि टेप. निवडलेल्या तुरीत खडे राहिले तरी चालतील, पुन्हा निवडता येतात. हात थांबले की माणूस दाराकडे जातो. रोज एकाच वेळी, एकाच रस्त्यानं लांब फिरून आलेला रुग्ण रात्री बरा झोपतो. दिवेलागणीच्या वेळी अनेक रुग्ण अस्वस्थ होतात, 'मला घरी जायचंय' म्हणतात, आणि असतात घरातच. तेव्हा 'हेच तर घर आहे' असा वाद घालायचा नाही. चपला घालून अंगणात एक फेरी मारायची, चहा टाकायचा, एखादा अभंग लावायचा. पाहुणे आले की 'ओळखा पाहू मी कोण?' असं विचारतात. ही परीक्षा थांबवणं हेही सोबत्याचंच काम. पाहुण्यानं आधीच आपलं नाव सांगावं.

हाक कशी मारायची, यालाही महत्त्व आहे. पन्नाशीच्या बाईला मावशी 'आजी' म्हणू लागली, तर ती चिडणारच. ती शाळेत बाई असेल तर 'बाई', शेजारपाजारी वहिनी असेल तर 'वहिनी'. गुरुजींना गुरुजीच म्हणावं. नाव, नाती विसरली तरी मान राखला जातोय का, हे माणसाला फार उशिरापर्यंत कळतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे जातात आणि हरवतात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला आजाराचं नाव ठाऊक नाही, दोघांची भाषाही एक नाही. ती फक्त समोरच्या माणसाला लहान लेकरासारखं जपते. प्रशिक्षणानं हा स्वभाव तयार होत नाही, पण ज्याच्याजवळ तो आहे त्याला प्रशिक्षणानं हिंमत मिळते.

भाषेचा मुद्दा या भागात जास्तच खरा आहे. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, नांदेड शहरात दखनी उर्दू आणि गुरुद्वाऱ्याभोवती पंजाबी. आजार वाढला की माणूस आपल्या पहिल्या भाषेकडे परततो, म्हणून सोबत्याला ती भाषा यायला हवी. याच बहुभाषेची दुसरी, आनंदाची बाजू हैदराबादनं दाखवली. तिथल्या निम्स रुग्णालयातल्या ६४८ रुग्णांचा अभ्यास डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं त्यात दिसलं, निरक्षरांमध्येसुद्धा. १९४८ पर्यंत मराठवाडा त्याच हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या गल्लीबोळातला भाषांचा मेळ सीमेवरच्या तालुक्यांत आजही कानावर पडतो.

धोके मराठवाड्याच्या घराचे वेगळे आहेत. शेतातली उघडी विहीर, आखाड्यावर ठेवलेली फवारणीची बाटली, मोटारीचं स्टार्टर. गावातल्या घरात गॅसचा रेग्युलेटर, गाडीची किल्ली आणि पैसे पाठवायचा मोबाइल. मोबाइलवरच्या व्यवहाराची मर्यादा बँकेत सांगून कमी करून घेता येते. माळेगावच्या यात्रेसारख्या गर्दीत न्यायचंच असेल, तर गळ्यात किंवा मनगटावर घरचा नंबर असावा. आणि मे महिन्यात दर तासाला पाणी. तहान लागली हे रुग्णाला सांगता येत नाही. दुपारी एकाएकी वाढलेला गोंधळ पुष्कळदा पाणी कमी पडल्याचा असतो, आजार वाढल्याचा नव्हे.

सोबत्याचंही घर असतं. रुग्ण रात्रभर जागा असेल तर एकटं माणूस चोवीस तास टिकत नाही. अशा घराला दोन माणसं आलटूनपालटून लागतात. झोपायला स्वतंत्र जागा, आठवड्याची सुट्टी, दिवाळीला आणि लग्नसराईत गावी जाण्याची सोय आधी बोलून ठेवावी. पगार, काम, पोलीस पडताळणी, सगळं कागदावर असावं. पुरुष रुग्णाच्या अंघोळीला पुरुष माणूसच बरा. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, त्यात नोंदणी करून देणं मालकाला अवघड नाही.

आणि एक गोष्ट लिहायलाच हवी. आपल्या भागात घरात राहायला माणूस शोधताना पहिला प्रश्न बऱ्याचदा कामाचा नसतो, जातीचा असतो. स्वयंपाकघरात येऊ द्यायचं की नाही, ताट वेगळं ठेवायचं की नाही. ज्या हातांनी रुग्णाला घास भरवायचा, त्याच हातांना चुलीपासून लांब ठेवणारं घर चांगला सोबती गमावतं, आणि गमावणं त्याच्या वाट्याला योग्यच येतं. पुण्या-मुंबईच्या घरांत वृद्धांना सांभाळणाऱ्या बायकांमध्ये मराठवाड्यातून गेलेल्या कितीतरी आहेत. इथली कसबी माणसं तिकडं जातात आणि इथल्या घरांना माणूस मिळत नाही.

हे बदलता येतं, याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेनं, डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी, स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांमध्ये एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच, कोकणी बोलणाऱ्या, बारावी झालेल्या माणसांना आठवडाभराचं प्रशिक्षण देऊन गृहसल्लागार केलं. मागे मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख होती. सहा महिने पंधरा-पंधरा दिवसांनी ही माणसं घरी जात राहिली: आजार समजावून सांगायचा, वागणुकीचे प्रश्न कसे हाताळायचे ते दाखवायचं, सरकारी लाभाचे अर्ज भरून द्यायचे. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य यानं लक्षणीय सुधारलं. चाचणीतले रुग्ण वृद्ध होते, पण शिकवलेल्या गोष्टी पन्नाशीतल्या रुग्णाच्या घरालाही तितक्याच लागतात. एकट्या, घाबरलेल्या सोबत्यामागे असा सल्लागार उभा राहिला, तर तो दोन दिवसांत काम सोडून जाणार नाही.

नांदेड आणि लातूरमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, गावागावांत आशाताई आहेत आणि काम शोधणाऱ्या बारावी झालेल्या मुलामुलींची वाण नाही. या दोन जिल्ह्यांच्या मानसिक आरोग्य पथकांनी वर्षाला निदान एक प्रशिक्षणवर्ग घरी राहून सांभाळणाऱ्यांसाठी घ्यावा, आणि त्यात पन्नाशीतल्या रुग्णांचा धडा वेगळा ठेवावा. तोवर ज्या घरात असा माणूस आहे, त्यांनी १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि फोन उचलल्यावर कुणी रुग्ण साठीच्या पुढचाच हवा, असं म्हणत नाही.